पातळ थराची पत

मराठीत पातळ थराला चांगलं नाव नाही. ‘मुलामा’ म्हटलं की खाली काहीतरी हलकं दडलेलं आहे, हे न सांगता कळतं. ‘बेगड’ म्हणजे खरं तर चकाकणारा पातळ पत्रा, पण तिच्यापासून झालेलं ‘बेगडी’ हे विशेषण आता प्रेमापासून पुढाऱ्यापर्यंत प्रत्येक खोट्या गोष्टीला लागतं. सोन्याचं पाणी झिजून खालचा धातू दिसला की ‘पितळ उघडं पडलं’ असं आपण म्हणतो, जणू गुन्हा पितळेनेच केला होता. याच भाषेत कल्हईला मात्र कुणी नावं ठेवत नाही. कल्हईसुद्धा पातळच असते, तीही खालचा धातू झाकते, तीही झिजते. तरीही भांड्याला कल्हई लावली म्हणून कुणी फसवलं असं आजवर कुणाला वाटलेलं नाही. एका थराला लबाडी आणि दुसऱ्याला गृहकृत्यदक्षता म्हणायचं, तर दोघांतला फरक जाडीत नाही हे उघड आहे. मग तो कशात आहे? आज निर्वात पात्रात धातूची वाफ करून, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शापेक्षाही पातळ थर मैलोगणती प्लास्टिकवर चढवले जातात. अशा काळात हा प्रश्न शब्दांच्या खेळापुरता राहत नाही. लग्नाच्या साडीची किंमत त्यावर ठरते.

हा फरक तपासायला कुंभकोणमइतकं सोयीचं गाव शोधून सापडणार नाही. कावेरीच्या खोऱ्यातल्या या गावाभोवती आठ-दहा किलोमीटरच्या परिघात पृष्ठभागावर पोट भरणारी तीन गावं आहेत. पूर्वेला तिरुभुवनम, रेशमी साड्यांचं. तिथल्या साडीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दुसरीकडे नाच्चियारकोविल, पितळी समयांचं. पश्चिमेला स्वामीमलै, पंचधातूच्या मूर्तींचं. चाळीसेक किलोमीटरवर तंजावर, जिथे चित्रातल्या कृष्णाच्या दागिन्यांवर सोन्याचा वर्ख डकवतात. मराठी वाचकाला हा प्रदेश तसा परका नाही. १६७६ ते १८५५ पर्यंत इथे भोसल्यांचं राज्य होतं. तंजावरची सोनेरी चित्रशैली सरफोजीराजांच्या काळात बहराला आली. आणि त्रावणकोर, इंदूर, बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमलाच जन्मले. तिरुभुवनमचे विणकर मुख्यतः सौराष्ट्री समाजाचे. ते घरात जी भाषा बोलतात तिच्यात गुजराती आणि मराठी कानाला ओळखीचे शब्द भेटतात. पण आपल्याला इथे वंशावळ पाहायची नसून साडीचा काठ पाहायचा आहे.

त्या काठातली जर म्हणजे आपल्या जुन्या मराठीतली कलाबतू. चांदीची किंवा चांदी-तांब्याची तार बारीक ओढायची, लाटून चपटी करायची, रेशमाच्या धाग्यावर गुंडाळायची आणि शेवटी वरून सोन्याचं पाणी चढवायचं. हे काम पिढ्यानपिढ्या सुरतेत होत आलं आहे आणि दक्षिणेतल्या मागांना बरीचशी जर तिथूनच जाते. अस्सल म्हणवणाऱ्या दाक्षिणात्य जरीत सोनं किती असतं? वजनाच्या साधारण ०.५ ते ०.६ टक्के. बाकी चांदी (काळानुसार चाळीस ते सत्तावन्न टक्क्यांच्या दरम्यान), तांबं आणि आतलं रेशीम. आता जरा हिशेब करू. शंभर ग्रॅम जरीत ०.६ ग्रॅम सोनं आहे, चाळीस ग्रॅम चांदी आहे, पस्तीसेक ग्रॅम तांबं आहे, उरलेलं रेशीम. सोनं फार जड असल्यामुळे आकारमानात त्याचा वाटा आणखी घटतो. एकूण धातूच्या जेमतेम ०.४ टक्के भरतो. चपटी पट्टी २० मायक्रॉन जाड धरली, तर सगळं सोनं एकाच बाजूला असलं तरी थर ८० नॅनोमीटरचा होईल. दोन्ही बाजूंना वाटला तर प्रत्येकी ४० नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. म्हणजे आजीच्या ‘सोन्याच्या जरी’तलं सोनं सोन्याच्या सुमारे दीड-दोनशे अणूंच्या उंचीइतकं होतं, फार तर त्याच्या दुप्पट. अस्सलातला अस्सल काठसुद्धा या अर्थाने बेगडच.

आता दुसऱ्या बाजूची जर पाहू, जिला बाजारात प्लास्टिक जर म्हणतात. तिचा जन्म निर्वात पात्रात होतो. पॉलिएस्टरची १२ मायक्रॉन जाडीची फिल्म, दोन-दोन मीटर रुंद आणि कित्येक किलोमीटर लांब, गुंडाळीच्या स्वरूपात पोलादी पात्रात ठेवतात आणि पंपांनी आतली हवा काढून घेतात. खाली सिरॅमिकच्या छोट्या होड्यांसारख्या तापकांची रांग असते. त्यांच्यावर अ‍ॅल्युमिनियमची तार सतत सरकत येते, चौदाशे-पंधराशे अंश सेल्सिअसला वितळून तिची वाफ होते आणि वरून मिनिटाला शेकडो मीटर वेगाने धावणाऱ्या फिल्मवर गोठते. फिल्म एका थंड ठेवलेल्या पिंपाला चिकटून जाते, नाहीतर तेवढ्या उष्णतेत ती आक्रसून गेली असती. थर बसतो ३० ते ५० नॅनोमीटरचा. नंतर त्यावर पारदर्शक पिवळं लॅकर चढवलं की चांदीसारखं दिसणारं अ‍ॅल्युमिनियम सोन्यासारखं दिसू लागतं. (ही युक्ती प्लास्टिकवाल्यांनी शोधलेली नाही. युरोपात चामड्याच्या भिंतपटांवर चांदीचा वर्ख लावून पिवळ्या वॉर्निशने त्याचं सोनं करण्याचा धंदा काही शतकं चालला होता.) मग फिल्मच्या अतिबारीक पट्ट्या कापतात आणि त्या धाग्याबरोबर विणतात. इथेही हिशेब करू. एक चौरस मीटर फिल्मचं वजन सुमारे १६.७ ग्रॅम, तिच्यावरच्या ४० नॅनोमीटर अ‍ॅल्युमिनियमचं वजन ०.१०८ ग्रॅम. टक्केवारीत, ०.६ पेक्षा किंचित जास्त.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. अस्सल जरीत वरचा थर वजनाच्या अर्धा-पाऊण टक्का, नकली जरीत वरचा थर वजनाच्या अर्धा-पाऊण टक्का. दोन्हींची जाडी नॅनोमीटरांच्या एकाच पट्टीत. कुठल्याही अर्थाने निर्वात पात्राने आपल्याला अधिक ‘पातळ’ फसवलेलं नाही. फरक पडला आहे तो उरलेल्या ९९.४ टक्क्यांत. एकीकडे ते चांदी, तांबं आणि रेशीम आहेत, दुसरीकडे पॉलिएस्टर. मराठीत त्या उरलेल्या भागाच्या किमतीला नेमका शब्द आहे: मोड. जुनं पितळ भांडेवाल्याला दिलं की मोड मिळते. दागिना विकताना मोड किती येईल असं विचारतात. थराला मोड नसते. मोड नेहमी खालच्या वस्तूला असते. माझं म्हणणं एवढंच आहे की पातळ थराची पत त्या थरावरून ठरवू नये. खाली काय आहे, थर खालच्याला नीट धरून आहे का, आणि थर गेल्यावर खालचं पुन्हा हाती येतं का, यांवरून ती ठरवावी. निर्वात तंत्राने या तीनपैकी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आश्चर्यकारक सुधारलं आहे. पहिल्या आणि तिसऱ्याचं त्याने उत्तर दिलेलं नाही, आणि ते त्याचं कामही नव्हतं.

दुसऱ्या प्रश्नाकडे जरा सावकाश पाहायला हवं, कारण निर्वाताची गरजच मुळी तिथून सुरू होते. सामान्य हवेत एखादा रेणू जेमतेम ७० नॅनोमीटर सरळ जातो आणि दुसऱ्यावर आपटतो. अशा गर्दीत धातूची वाफ निघाली तर वाटेतच थंड होऊन काजळीसारखी पडेल. दाब एक कोटीपट कमी केला की हे अंतर एक कोटीपट वाढतं, म्हणजे सत्तर सेंटिमीटर होतं. आता अणू तापकापासून फिल्मपर्यंत न धडकता पोचतो. पण निर्वाताचं याहून महत्त्वाचं काम स्वच्छतेचं आहे. इतक्या विरळ अवस्थेतही उरल्यासुरल्या हवेचा आणि पाण्याच्या वाफेचा एकपदरी थर कुठल्याही पृष्ठभागावर बसायला सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा वेळ पुरतो. म्हणून धातूची सर त्याहून मुसळधार असावी लागते, आणि त्याआधी पृष्ठभाग घासून काढावा लागतो. तो हाताने नव्हे, प्लाझ्माने. विद्युतभारित आर्गॉनचे आयन पृष्ठभागावर आदळवतात. ते मळ, ओल, ऑक्साइड उडवून लावतात आणि खालचे अणू बंध जोडायला मोकळे होतात.

हे वाचताना कल्हईवाल्याची आठवण व्हायला हवी. तापलेल्या भांड्यात तो नवसागराची चिमूट टाकतो, नाकात जाणारा पांढरा धूर निघतो, आणि मग कथिलाचा तुकडा फिरवून कापसाने पुसतो. तो धूर म्हणजेच त्याचा प्लाझ्मा: नवसागर तांब्यावरचं ऑक्साइड खाऊन टाकतो. स्वच्छ तांब्याला भिडलेलं कथील मग नुसतं चिकटत नाही, सीमेवर तांब्याशी मिळून एक वेगळंच संयुग तयार करतं. कल्हई ओढून सोलून काढता येत नाही, ती झिजूनच जाते, याचं कारण हे. कुंभकोणमकडच्या तमिळमध्ये या कामाला ‘ईयम पूसुदल’ म्हणतात, आणि तिकडचा रसम तर अख्ख्या कथिलाच्या ‘ईय चोंबू’त उकळतात, म्हणजे थराचा प्रश्नच नको. उलट काचेवर नुसतं सोनं वाफेने बसवलं तर बोटाने पुसलं जातं, कारण सोन्याला ऑक्साइडशी सलगी करायला आवडत नाही. म्हणून सोन्याखाली काही नॅनोमीटर क्रोमियम किंवा टायटॅनियम घालतात. ते काचेलाही धरतं आणि सोन्यालाही. दोन घरांत सोयरीक जमवणाऱ्या मध्यस्थासारखा हा थर स्वतः कुठे दिसत नाही.

गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत निर्वात थराच्या तंत्राने जी वाट चालली ती बहुतेक याच पकडीच्या मागे. विद्युत विसर्गात ऋणाग्राचा धातू झिजून समोर जमा होतो हे विल्यम ग्रोव्हने १८५२ मध्ये नोंदवलं. मायकेल फॅरडेने १८५७ मध्ये सोन्याच्या तारा विजेच्या झटक्याने उडवून पातळ थर मिळवले आणि त्यांतून जाणाऱ्या प्रकाशाचे रंग अभ्यासले. एडिसनने १९०२ पासून विकलेल्या ‘गोल्ड मोल्डेड’ ध्वनिमुद्रिकांच्या मेणाच्या मूळ साच्यांवर निर्वातात सोन्याचा थर बसवला जाई, म्हणजे हे तंत्र व्यवहारात उतरलं ते गाण्यासाठी. जॉन स्ट्राँगने १९३५ मध्ये माउंट विल्सनवरच्या शंभर इंची दुर्बिणीच्या आरशावर चांदीऐवजी अ‍ॅल्युमिनियम वाफेने चढवलं. चांदी काळवंडायची, अ‍ॅल्युमिनियम स्वतःवर दोन-चार नॅनोमीटरचं पारदर्शक ऑक्साइड चढवून शांत बसतं. पुढे वाफेपेक्षा स्पटरिंग बरं हे लक्षात आलं, कारण आयनांच्या माऱ्याने उडालेला अणू वाफेतल्या अणूपेक्षा कितीतरी पटींनी जास्त ऊर्जा घेऊन येतो आणि पृष्ठभागात रुतून बसतो. १९७० च्या दशकात लक्ष्याच्या (ज्या धातूवर आयन आदळतात त्याच्या) मागे चुंबक ठेवून इलेक्ट्रॉन तिथेच घोटाळत ठेवणारा मॅग्नेट्रॉन आला आणि हे काम कारखान्याच्या वेगाने होऊ लागलं. १९९९ च्या सुमारास स्वीडनमध्ये मॅग्नेट्रॉनला सतत वीज देण्याऐवजी अतिशय छोटे, प्रचंड ताकदीचे स्पंद देण्याची पद्धत मांडली गेली. त्यात धातूचेच अणू मोठ्या प्रमाणावर भारित होतात, त्यांना हव्या त्या दिशेने खेचता येतं आणि थर अधिक दाट बसतो. दरम्यान १९५९ मध्ये जर्मन संशोधक साउअरब्रे याने क्वार्ट्झच्या कंप पावणाऱ्या चकतीवर पडलेलं वजन तिच्या कंपनसंख्येतल्या घटीवरून मोजता येतं हे दाखवलं. तेव्हापासून थर बसत असतानाच त्याची जाडी नॅनोमीटरपेक्षाही बारीक मापाने कळते. ही यंत्रं आता परदेशातूनच आणावी लागतात असंही नाही. बंगळूरची हिंद हाय व्हॅक्यूम ही कंपनी १९६५ पासून या क्षेत्रात आहे.

इतकं सगळं हाताशी असताना नाच्चियारकोविलच्या समईवर असा टिकाऊ सोनेरी थर का चढवू नये, असा प्रश्न कुणी विचारेल. टायटॅनियम नायट्राइडचा रंग सोन्याचा. निर्वात पात्रात टायटॅनियमची वाफ आणि नायट्रोजन एकत्र केले की तो बसतो, आणि नायट्रोजन थोडा कमीजास्त करून फिकट पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत छटा मिळतात. हातातल्या घड्याळांवर आणि ड्रिलच्या पात्यांवर तो आपण रोज पाहतो. झिर्कोनियम नायट्राइडची एक छटा तर हुबेहूब पितळेची. आधुनिक न्हाणीघरातले ‘कधी न काळवंडणारे’ पितळी नळ म्हणजे पितळ, त्यावर निकेल आणि क्रोमियम, आणि सगळ्यात वर झिर्कोनियमचं हे संयुग. पितळेवर पितळेच्याच रंगाचा मुलामा! पितळ उघडं पडू नये म्हणून पितळच पांघरायचं, ही वाक्प्रचार घडवणाऱ्या आपल्या पूर्वजांना सुचली नसती अशी गोष्ट आहे. पण मधलं निकेल-क्रोमियम उगाच नाही. नायट्राइड अतिशय कठीण आणि पितळ मऊ. मऊ भातावर ठेवलेला पापड बोट दाबताच मोडतो तसं कठीण थराखालचं मऊ पितळ खचलं की थराला तडे जातात. म्हणजे इथेही थराचं आयुष्य त्याच्या स्वतःच्या कठीणपणापेक्षा खालच्यावर अवलंबून आहे.

आणि समईची गोष्ट नळाहून वेगळी आहे. नाच्चियारकोविलची समई बैठक, दांडा, तेलाची थाळी आणि माथ्यावरचा हंस असे तुकडे कावेरीच्या बारीक वाळूच्या साच्यात ओतून, लेथवर उतरवून, एकमेकांत फिरवून बसवलेली असते. ती दर सणाला चिंचेने घासायची असते. चिंचेतलं आम्ल वरचं ऑक्साइड विरघळवतं आणि ताजं पितळ पुन्हा वर येतं. दर वेळी समई मोजता न येण्याइतकी झिजते, आणि दर वेळी नवी होते. नायट्राइड चढवलेली समई घासावी लागणार नाही हे खरं, पण एकदा ओरखडा गेला की घासून तो काढताही येणार नाही. ती पुन्हा निर्वात पात्रात नेण्याशिवाय इलाज नाही, आणि तसं पात्र गावात नसतं. यावर मधला मार्ग आहे. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेच्या औद्योगिक केंद्राने पितळी वस्तूंवर प्लाझ्माच्या मदतीने काचेसारखा पारदर्शक सिलिकॉन ऑक्साइडचा थर बसवण्याचं काम केलं आहे. तो रंग बदलत नाही, पितळच दिसू देतो, आणि पितळेची मोड तशीच ठेवतो. देव्हाऱ्यातल्या, रोज तेलवात होणाऱ्या समईला तो नको. परदेशी दिवाणखान्यात शोभेला ठेवायच्या समईला जरूर हवा. तंत्र चांगलं की वाईट, याआधी वस्तू कुठे राहणार आहे हे विचारावं लागतं.

आता साडीकडे परत येऊ, कारण खरे आक्षेप तिथे आहेत. पहिला आक्षेप असा की हा सगळा मोडीचा विचार जुन्या काळचा आहे. साडी वितळवायला कोण घेतं? बहुतेक कुणी घेत नाही, हे मान्य. पण आजही अस्सल जरीच्या साडीची किंमत चांदीच्या भावाबरोबर वर-खाली होते आणि गिऱ्हाईक ती चांदीची म्हणूनच मोजतं. मोड कधीच घ्यायची नसली तरी मोडीचे पैसे आधीच दिलेले असतात. मग ती आहे की नाही हे जाणून घेणं हा हक्क आहे, कंजूषपणा नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. प्लास्टिक जरीने जरीकाठ सर्वसामान्य घरात आणला. जिला चांदीचा काठ कधीच परवडला नसता तिलाही लग्नात भरजरी दिसता आलं. साडी हलकी झाली, ती काळवंडत नाही, आणि अधूनमधून पेटीतून काढून उन्हात टाकण्याची कटकट गेली. हे सगळं खरं आहे आणि त्याची टवाळी करणाऱ्यांनी आपल्या घरातल्या किती वस्तू अस्सल आहेत ते एकदा मोजावं. मला फिल्मची जर मुळीच वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते ती चांदीच्या नावाने आणि चांदीच्या भावाने विकली जाते तेव्हा. महाराष्ट्रातही हाच प्रश्न आहे. येवल्याच्या पैठणीत आज अस्सल, तांब्यावर पाणी दिलेली आणि फिल्मची अशा सगळ्या जरी सापडतात, आणि तिन्ही साड्यांचं नाव पैठणीच असतं. (पैठणपासून पन्नासेक किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत पॉलिएस्टर फिल्मचे मोठे कारखाने आहेत. भूगोल कधीकधी फारच थेट बोलतो.)

तिसरा आक्षेप जुन्याच्या चाहत्यांनाच अडचणीचा आहे. अस्सल जरही काळाबरोबर पातळ होत गेली. चांदीचा वाटा घटला, तांब्याचा वाढला, सोन्याचा थर अणूंत मोजण्याइतका उरला. म्हणजे ‘अस्सल’ ही एक ठरलेली गोष्ट नसून एक प्रमाण आहे, आणि प्रमाण मोजलंच पाहिजे. पूर्वी कसोटीचा दगड आणि ज्योत होती. फिल्म ज्योतीत आक्रसून वितळते आणि काळा कठीण मणी होते, चांदीची पट्टी मात्र तशीच उरते. पण दगडाला आणि ज्योतीला काठाचा बळी लागतो. आज क्ष-किरणांचा झोत टाकून उलट येणाऱ्या किरणांवरून धातू ओळखणारं यंत्र सराफांच्या दुकानांतून दिसतं. ते जरीला न दुखावता सोनं, चांदी, तांबं यांचे वाटे काही सेकंदांत सांगतं, आणि नीट जुळवलं तर थराची जाडीही सांगतं. सोन्याच्या दागिन्यांना २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा झाला. रेशमासाठी २००४ पासून सिल्क मार्क आहे, पण तो रेशमाबद्दल बोलतो, जरीबद्दल नाही. साडीच्या पदराला टाचलेल्या चिठ्ठीवर तीन टक्केवाऱ्या छापायला नवं विज्ञान लागत नाही.

नवं विज्ञान खरोखर उपयोगी पडू शकेल ते दुसऱ्या ठिकाणी. अस्सल जर काळी का पडते? सोन्याचा थर इतका पातळ असतो की त्यात सूक्ष्म छिद्रं राहतात; हवेतला, घामातला गंधक त्यांतून खाली पोचतो आणि चांदीचं काळं सल्फाइड वर येतं. सोनं कधीच काळं पडत नाही. काळी पडते ती त्याच्या आडून डोकावणारी चांदी. शंभर इंची आरशाची जुनी दुखणीही याच जातीची होती. वस्तुसंग्रहालयांतल्या चांदीवर यासाठी एक उपाय अभ्यासला गेला आहे, अमेरिकेतल्या वॉल्टर्स कलासंग्रहालयाच्या सहकार्याने मेरीलँड विद्यापीठात: अणूंचा एकेक पदर चढवत अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा काही दशक नॅनोमीटरांचा पारदर्शक थर. या पद्धतीची मुळं फिनलंडमध्ये, तुओमो सुंतोला याने १९७४ मध्ये केलेल्या कामात आहेत. तिचं वैशिष्ट्य असं की वाफ सरळ रेषेत जाऊन फक्त समोरच्या बाजूला पडत नाही; वायू खाचाखोचांत, छिद्रांत, पिळाच्या मागेही पोचून तिथल्या पृष्ठभागाशी अभिक्रिया करतो, आणि पृष्ठभाग भरला की आपोआप थांबतो. गुंडाळलेल्या जरीसारख्या वस्तूला याहून सोयीचं तंत्र कल्पिता येणार नाही, आणि ते रेशमाला सोसेल इतक्या कमी तापमानालाही चालवता येतं. सिरॅमिकचा थर घडीत तडकेल ही शंका रास्त आहे, विशेषतः तिरुभुवनमची साडी पंख्यासारखी घडी घालून ठेवण्याची रीत असल्यामुळे. पण थर जितका पातळ तितका तो अधिक वाक सोसतो, आणि शंभर नॅनोमीटरच्या आत ही मर्यादा बरीच सैल होते. वेग कमी आणि खर्च जास्त ही अडचण मात्र खरी आहे. वजनाने विकल्या जाणाऱ्या जरीला ती आज परवडणार नाही, पण जरीच्या किलोच्या भावात चांदी असते, फिल्मच्या नाही, त्यामुळे हा खर्च सोसण्याची ऐपत असलीच तर अस्सल जरीलाच आहे.

आणि असा थर चढवलेली जर कधीकाळी मोडीत निघालीच, तर तिच्या मोडीला काही धक्का लागणार नाही. रेशीम जळून जाईल, राख धुतली जाईल, मुशीत टाकणखार पडेल; तीस नॅनोमीटरचं ते अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड टाकणखारात विरघळून मळीबरोबर वर तरंगेल, आणि चांदी, तांबं, सोनं खाली बसतील.